थेंब इथे, गळती तिथे!

मुंबई, प्रतिनिधी

वाशीच्या बाजार समितीत पहाटे भाजीच्या गाड्या खाली होऊन निघून जातात, तेव्हा त्या जेथे उभ्या होत्या तेथे काळ्या थेंबांची एक ओळखीची नक्षी मागे राहते. गाडी जितकी जुनी, तितकी ही नक्षी मोठी. बहुतेक मालकांना तिची सवय झालेली असते. 'जुनी गाडी आहे, थोडे तेल टाकणारच,' असे म्हणून सीटमागे लिटरभर ऑइलचा डबा ठेवला जातो आणि पातळी उतरली की वरून ओतला जातो. काही वर्षे हे चालूनही जाते. मग एखाद्या रात्री माळशेज चढताना तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागतो आणि काही शे रुपयांच्या सीलकडे केलेले दुर्लक्ष इंजिनच्या संपूर्ण दुरुस्तीपर्यंत जाऊन पोहोचते.

१९८८ मध्ये पुण्याच्या टेल्कोने 'टाटा मोबाइल' बाजारात आणली. पुढे '२०७' आली, महिंद्राच्या पिकअपही आल्या आणि राज्यातील भाजीपाला, दूध, फर्निचर व बांधकामाच्या साहित्याची वाहतूक मोठ्या प्रमाणावर या छोट्या मालवाहू गाड्यांवर विसावली. त्यांतील पंधरा-वीस वर्षे जुन्या कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर आहेत. नवी गाडी घेण्याचे कर्ज सर्वांनाच पेलणारे नसते. त्यामुळे जुने इंजिन जपणे हा अशा मालकांच्या दृष्टीने हौसेचा नव्हे, तर रोजीरोटीचा प्रश्न असतो.

गळती म्हणजे नेमकी किती, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. तेलाचे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. रात्री बारा तास उभ्या असलेल्या गाडीतून मिनिटाला एकच थेंब पडला, तरी सकाळपर्यंत ७२० थेंब, म्हणजे सुमारे ३६ मिलिलिटर तेल जमिनीवर आलेले असते. महिन्याचा हिशेब लिटरभराच्या वर जातो. डिपस्टिकवरील वरच्या आणि खालच्या खुणेतील अंतर बहुतेक इंजिनांत एक ते दीड लिटरचेच असते. गाडी चालू असताना तेलाला दाब असतो आणि ते गरम होऊन पातळ झालेले असते. त्यामुळे धावत्या गाडीतील गळती उभ्या गाडीच्या कितीतरी पट असू शकते, आणि ती कोणाला दिसत नाही, कारण ती रस्त्यावर सांडत गेलेली असते. पहिल्या पावसात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी घसरू लागल्या की अग्निशमन दलाचे जवान माती किंवा भुसा टाकताना दिसतात. रस्त्यावर साचलेल्या त्या तेलात अशा गाड्यांचाही वाटा असतो.

आधी तेल ओळखावे

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचाच असतो असे नाही. डिझेल इंजिनमधील तेल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे पडते आणि बोटांवर पातळ लागते. गिअरबॉक्स किंवा मागच्या डिफरन्शियलचे तेल दाट, मधासारखे असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पाण्यासारखे पातळ असते आणि रंगाला चिकटले तर रंग सोलून काढते. कूलंट हिरवट किंवा तांबूस, पाण्यात मिसळणारे. ओळख पटविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रात्री गाडीखाली एक मोठा स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवणे. पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवल्या, तर सकाळी थेंब कोठे पडले हेही नेमके कळते.

पातळी उतरते, पण पुठ्ठा कोरडाच राहतो, असेही घडते. अशा वेळी धुराकडे पाहावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर तेल गळत नसून जळते आहे आणि दोष रिंगांत किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये आहे. डिपस्टिकवरील तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर त्यात डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते. या तिन्ही दुखण्यांचे उपचार निराळे आहेत आणि त्यांत पॅकिंग बदलून काही साधत नाही.

खाली नव्हे, वर पाहावे

गळती शोधताना सर्वाधिक चुका होतात त्या एकाच गैरसमजामुळे. थेंब जेथे पडतो त्याच्या बरोबर वर बिघाड असावा, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तेल इंजिनच्या अंगावरून ओघळत खाली येते आणि गाडी धावत असताना पंख्याचा व समोरचा वारा त्याला मागे ढकलत नेतो. इंजिनच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यात झिरपलेले तेल अखेर मागच्या खालच्या कोपऱ्यातून टपकते. म्हणूनच अनुभवी मेकॅनिक गाडीखाली शिरण्यापूर्वी बॉनेट उघडतो आणि सर्वांत उंचावर व सर्वांत पुढे ओलसर असलेली जागा शोधतो.

या गैरसमजाची किंमत मोठी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून, म्हणजे बेल हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून, तेल टपकताना दिसले की 'क्रँकचे मागचे सील गेले' असा निर्णय तत्काळ दिला जातो. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावे लागते. गाडी किमान दिवसभर, बऱ्याचदा दोन दिवस उभी राहते. तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते. एवढे करून गाडी बाहेर पडते आणि आठवड्याने पुन्हा तेथूनच तेल टपकू लागते. कारण खरी गळती टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला असते. तेथील पॅकिंग कडक होऊन आक्रसलेले असते आणि त्यातून निघालेले तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगवर येते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलण्याचे काम तासाभराचे, आणि पॅकिंगची किंमत गिअरबॉक्स उतरविण्याच्या मजुरीपुढे नगण्य.

ही फसगत टाळण्याची पद्धत साधी असली तरी तिला वेळ द्यावा लागतो. प्रथम इंजिन पूर्णपणे धुऊन घ्यावे. वर्षानुवर्षे साचलेला तेल-मातीचा थर पत्र्याने खरवडून, ब्रशने आणि डिग्रीझरने काढावा. अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाकावे आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाण्याचा फवारा कधीही मारू नये. हवेच्या पाइपने ते कोरडे केल्यावर संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरावी. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या भुकटीवर तेलाची पहिली काळी रेघ जेथून सुरू होते, तीच गळतीची जागा. बॅटरीच्या उजेडाइतकाच एक छोटा आरसाही येथे उपयोगी पडतो, कारण इंजिनची मागची बाजू सरळ दिसत नाही.

येथे एक विसंगती नोंदवायला हवी. पासिंगच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन चकचकीत करण्याची प्रथा सर्वत्र आहे. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील वाहनांच्या तपासणीचे शुल्कही बरेच वाढले. अर्थात इंजिन वर्षातून एकदा धुतले जातेच; मात्र ते गळती लपविण्यासाठी. त्याच धुतलेल्या इंजिनवर दुसऱ्या दिवशी थोडी भुकटी टाकून पाहिले, तर निम्मे निदान फुकटात होईल.

दाब बाहेर पडू द्या

सील आणि पॅकिंग बदलूनही गळती थांबत नाही, एकीकडे बंद केली की दुसरीकडे सुरू होते, अशी तक्रार जुन्या गाड्यांबाबत हमखास ऐकू येते. याचे कारण बहुधा सीलमध्ये नसून इंजिनच्या पोटातील दाबात असते. सिलिंडरमधील जळालेल्या वायूचा थोडा अंश रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन नवे असले तरी हे होतेच. हा वायू बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी दिलेली असते. ती काजळीने व चिकट गाळाने बुजली की आतला दाब वाढतो आणि तेलाला जेथून वाट मिळेल तेथून बाहेर ढकलतो. नवे सीलही या दाबापुढे टिकत नाही. म्हणून एकही बोल्ट सोडण्याआधी ब्रीदरची नळी आणि तिची जाळी काढून साफ करणे शहाणपणाचे. काम अर्ध्या तासाचे, खर्च जवळजवळ शून्य. तरीही ते सर्वांत शेवटी सुचते, हे गॅरेजांतील नेहमीचे चित्र आहे.

ब्रीदर मोकळा असूनही दाब जास्त असेल, तर त्याला गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर संथ चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल करून नुसतेच वर ठेवावे. किंचित वाफ दिसणे स्वाभाविक आहे. पण झाकण थडथड उडू लागले आणि भोकातून धुराचे भपकारे येऊ लागले, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. अशा इंजिनवर सीलमागून सील बदलत राहणे म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून लिंपण्यासारखे. मालकाने तेव्हा इंजिन खोलण्याचा, किंवा गाडीच बदलण्याचा, हिशेब मांडायला हवा.

स्वस्तातली ठिकाणे

निदान झाल्यावर अनेकदा बिघाड अगदी किरकोळ निघतो. चेंबरचा ड्रेन बोल्ट हे त्याचे ठळक उदाहरण. त्याखालील तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो. दर वेळी तोच वायसर परत लावला जातो आणि गळू लागला की बोल्ट आणखी आवळला जातो. शेवटी आटे जातात आणि काम लेथवाल्याकडे जाते. नवा वायसर मिळाला नाही तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाकावा. लोखंडाच्या उलट, तांबे असे केल्याने मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

तेलाच्या दाबाचा स्विच हे दुसरे ठिकाण. बोटाच्या पेराएवढ्या या भागातून वायर जोडतात तेथून तेल झिरपू लागते. ही दाबाची बाजू असल्याने झिरपण्याचे रूपांतर धारेत व्हायला वेळ लागत नाही. फिल्टरचेही तेच. फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला गेला, तर दोन रिंगांची जोडी घसरते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते. म्हणून जुन्या फिल्टरवर रिंग आली आहे की नाही, हे हाताने चाचपल्याशिवाय नवा बसवू नये.

अनेक देशी डिझेल पिकअपमध्ये ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. त्याला इंजिनचे तेल एका बारीक नळीने मिळते आणि जाड रबरी नळीने ते चेंबरमध्ये परत जाते. ही परतीची नळी उष्णतेने कडक होऊन तडकते. पंपाच्या आतील सील गेले तर तेल थेट अल्टरनेटरमध्ये शिरते आणि चार्जिंग बंद पडते. म्हणजे दुखणे तेलाचे, पण गाडी इलेक्ट्रिशियनकडे फेऱ्या घालत राहते. अल्टरनेटर तेलाने माखलेला दिसला की इलेक्ट्रिशियनआधी या नळ्या पाहाव्यात.

घाईचे पॅकिंग

चेंबरचे पॅकिंग बदलणे वरवर पाहता सोपे काम. परंतु पत्र्याच्या चेंबरची कड पूर्वीच्या आवळण्याने प्रत्येक बोल्टभोवती वर उचललेली असते. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट केली नाही, तर कितीही चांगले पॅकिंग टाकले तरी दोन बोल्टांच्या मधून तेल येणारच. बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. कॉर्कचे पॅकिंग जास्त दाबले तर फुटते; थोडे चालल्यावर एकदा हलकेच पुन्हा आवळणे त्याला पुरते.

गळती दिसली की सिलिकॉन सीलंटची आख्खी ट्यूब पिळायची, ही सवय तर घातकच. बाहेर आलेली सीलंटची कड दिसते. तेवढीच आतही आलेली असते. ती तुटून चेंबरमध्ये पडते आणि तेल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. पंपाला तेल मिळेनासे होते आणि गळती थांबविण्याच्या प्रयत्नात इंजिन बसते. सीलंट लावायचेच असेल तर काडीच्या जाडीची एकसलग रेघ, तीही तेलाचा अंश नसलेल्या कोरड्या पृष्ठभागावर. नंतर पाकिटावर सांगितलेला वेळ ते सुकू द्यावे. अर्ध्या तासात तेल भरून गाडी बाहेर काढली, तर सगळी मेहनत वाया जाते.

क्रँकच्या सीलचे गणित थोडे वेगळे आहे. रबरी सीलची धार फिरत्या दांड्यावर स्प्रिंगच्या साहाय्याने टेकलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि त्याच जागी घासून दांड्यावर बारीक खाच पडते. नवे सील पुन्हा त्याच खाचेत बसले तर तेल येतच राहते. नख फिरवून खाच जाणवली, तर सील जागा असेल तेथे दोन-एक मिलिमीटर मागेपुढे बसवितात किंवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवितात. सीलच्या धारेला बसविण्यापूर्वी तेल लावावे. मात्र टेफ्लॉनच्या धारेची सीले कोरडीच बसवायची असतात. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरलाच, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग पाहिल्याशिवाय तो परत चढवू नये. तेलात भिजलेली प्लेट पुसून, जाळून परत लावणारे आहेत. ती भरल्या गाडीने पहिला घाट चढताना घसरते आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरतो. मजुरी तीच, दोनदा.

जाडे तेल आणि बाटलीतले औषध

गळणाऱ्या इंजिनात १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० सारखे जाडे तेल वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने गळती मंदावते हे खरे, आणि झिजलेल्या इंजिनात महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ते चालूनही जाते. पण फाटलेले पॅकिंग त्याने शिवले जात नाही. गळतीविरोधी म्हणून मिळणारी बाटलीतील द्रव्ये कडक झालेल्या रबराला थोडे फुगवून मऊ करतात. सीलच्या किरकोळ झिरपण्यावर काही महिने उपयोग होतो. कॉर्क, कागद किंवा सैल बोल्ट यांच्यावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. दुरुस्तीचे पैसे हाती येईपर्यंत वेळ काढण्यापुरते त्यांचे मोल.

याउलट एक चूक मात्र हटकून घडते. गळते म्हणून खुणेच्या वर तेल भरून ठेवणे. वरच्या खुणेपलीकडे गेलेले तेल फिरत्या क्रँकने घुसळले जाऊन फेसाळते, सीलवर आदळते आणि गळती वाढविते. तेलाची तपासणी सपाट जागेवर, इंजिन बंद करून किमान दहा मिनिटांनी करावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये राखावी. गळक्या गाडीत ही तपासणी आठवड्याची नव्हे, तर रोज सकाळची असायला हवी. घाट चढताना तेल चेंबरमध्ये एका बाजूला कलते आणि पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढू लागतो. लाल दिवा लागतो तो दाब कोसळल्यावर. त्यानंतर 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणून काढलेले दोन किलोमीटर बेअरिंग आणि क्रँक खाऊन टाकतात. दिवा लागताक्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणे, याला पर्याय नाही.

लगेच थांबविलीच पाहिजे अशी गळती कोणती? टॅपेट कव्हरमधून एक्झॉस्टच्या नळकांड्यावर पडणारी. चढावर हे नळकांडे तेल पेट घेण्याइतके तापते. जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये येऊ लागला, तर त्याच दिवशी काम करावे. क्लचपर्यंत पोहोचणारी गळतीही त्याच यादीतली. चेंबरच्या कडेला नुसता ओलावा असेल आणि पुठ्ठ्यावर दोन-चारच थेंब दिसत असतील, तर पुढच्या तेल बदलापर्यंत थांबायला हरकत नसते. पॅकिंग तेव्हाच बदलता येते आणि तेलाचे पैसे दोनदा जात नाहीत.

काढलेले काळे तेल गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश असून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. मोठ्या गॅरेजांत त्यासाठी पिंप ठेवलेले असते आणि लहान गॅरेजवाल्यांनाही ते तेथे नेऊन देता येते.

दुरुस्तीनंतर पुठ्ठा आणखी आठवडाभर गाडीखाली टाकावा. पहिले दोन-तीन दिवस त्यावर थेंब दिसले, तरी मेकॅनिकशी भांडायला जाण्याची घाई करू नये. बेल हाउसिंगच्या आत आणि चॅसीच्या खाचांत साचलेले जुने तेल उष्णतेने सुटून खाली येत असते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही पुठ्ठ्यावर ताजे थेंब येत राहिले, तर इंजिन पुन्हा धुवायचे आणि पावडरचा डबा पुन्हा काढायचा.